परदेशात पथ्य सांभाळून नीट जेवायचं कसं? (नुसतं पोट भरायचं नाही, जेवायचं)

वाटसरू

धागा काढायचं कारण म्हणजे परदेश प्रवास आणि पथ्य हे दोन शब्द एकत्र आले की सगळीकडून एकच सल्ला येतो, बॅग भरून खाऊ न्या आणि तिकडे फळं, ब्रेड, बटाट्याचे तळलेले काप खाऊन दिवस काढा. अरे पण दिवस काढायला एवढ्या लांब कशाला जायचं?

मी मांस, मासे, अंडी खात नाही. माझ्याबरोबर नेहमी फिरणाऱ्या मैत्रिणीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. म्हणजे आम्ही दोघी मिळून हॉटेलवाल्याची डोकेदुखीच. पण फिरून फिरून आमचं एक मत पक्कं झालंय, ते असं की प्रत्येक देशात तिथल्या लोकांची स्वतःची पथ्यं असतातच. धर्माची असतील, उपासाची असतील, आजाराची असतील. ती आधी हुडकायची आणि त्या लोकांच्या मागे मागे जायचं. आपलं पथ्य त्यांना समजावत बसण्यापेक्षा त्यांच्या पथ्यात आपण बसतोय का ते बघायचं. ज्यांना ते शिजवायची सवय आहे ते मन लावून शिजवतात, नाहीतर मग पिझ्झावरचं सॉसेज काढून तुम्हाला दिलं की झालं शाकाहारी.

उदाहरणं देते. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात, ईस्टरच्या आधी तर लांबलचक, आणि त्यांच्या उपासाला मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. 'येत्सोम बेयाइनेतू' मागितलं की इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर, मसूर, कोबी, बीट, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो असं भरगच्च ताट येतं, आम्ही दोघी पहिल्यांदाच एका ताटात जेवलो. थायलंडमध्ये पिवळ्या कापडावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दिसलं की तिथे मांस-मासे नाहीत, फिश सॉसही नाही, कांदा-लसूणही नाही. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण ते खातात त्यामुळे त्या दिवशी जास्त ठिकाणी मिळतं. ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधी 'निस्तिसिमा', म्हणजे उपासाचं जेवण, शोधायचं, त्यात दूध-अंडी नसतं.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्याही पथ्याचे चालतील.

पोटोबा

पहिला नंबर माझा!

वाटसरू ताई, ग्रीसबद्दल एक पुरवणी. निस्तिसिमात मासा चालत नाही पण कोळंबी, ऑक्टोपस, माकुळ चालतात, त्यांना पाठीचा कणा नाही म्हणून. तेव्हा शाकाहाऱ्यांनी तो शब्द ऐकून डोळे मिटून ऑर्डर देऊ नये. मैत्रिणीला मात्र एकदम फिट्ट.

आणि तैवान राहिलं की! तिथे शाकाहारी पाकिटांवर कुठल्या प्रकारचं शाकाहारी ते लिहावं लागतं, पाच प्रकार आहेत, पूर्ण शाकाहारी, अंडंवालं, दूधवालं, दूध-अंडी दोन्ही असलेलं आणि कांदा-लसणाच्या जातीतलं काही असलेलं. मी कांदा-लसूण खात नाही, जगात कुठेही गेलो तरी वेटर माझ्याकडे दयेने बघतो, तैवानमध्ये फक्त त्याने 'बरं' म्हटलं आणि गेला. इतकं साधं वागवलं गेल्याचा आनंद कांदा खाणाऱ्यांना कळायचा नाही.

गव्हाशिवाय

धागा चांगला आहे पण थोडं थंड पाणी ओतते, माफ करा.

मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. वरती जी जी नंदनवनं सांगितलीत त्यातली निम्मी माझ्यासाठी सापळा आहेत. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी जेवणात ते जे खोटं चिकन, खोटं बदक असतं ना, ते बऱ्याचदा शुद्ध ग्लूटेन असतं, गव्हाच्या पिठातलं स्टार्च धुऊन जे उरतं ते. म्हणजे जगात मी सगळ्यात लांब राहायला हवं अशी वस्तू त्या पिवळ्या झेंड्याखाली प्रेमाने वाढली जाते. शिवाय सोया सॉस, त्यात सहसा गहू असतोच. इंजेरा टेफ या इथिओपियातल्या बारीक धान्याची असेल तर मला चालते, पण टेफ महाग पडतं म्हणून इथिओपियाबाहेरच्या हॉटेलांत गहू किंवा बार्ली मिसळतात, विचारल्याशिवाय तोंडात घालायची सोय नाही. जपानी सोबा नूडल्स बकव्हीटच्या (कुट्टूच्या) म्हणून बिनधास्त खाणारे भेटतात, पण बऱ्याच सोबामध्ये गव्हाचं पीठ असतं, ऐंशी-वीसचं प्रमाण तर अगदी नेहमीचं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले बकव्हीटचे गॅलेट, तेच. पीठ चांगलं असलं तरी शेजारी त्याच तव्यावर गव्हाचे क्रेप टाकत असतील तर काय उपयोग.

पण तुमचा मूळ मुद्दा माझ्याही बाबतीत खरा आहे, फक्त माझे 'उपासवाले' वेगळे. माझा देश इटली! सगळ्यांना वाटतं पास्ता-पिझ्झाच्या देशात ही बाई काय खाणार, आणि मी तिथे जितकी निवांत जेवते तितकी कुठेच नाही. तिथे सीलिअ‍ॅकसाठी 2005 सालचा कायदा आहे, रुग्णांना ग्लूटेन-फ्री सामानासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते, औषधाच्या दुकानात पास्ता-बिस्किटं विकायला असतात, आणि तिथल्या सीलिअ‍ॅक संघटनेने प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांची यादी आहे. तिथे 'सेन्झा ग्लूतिने' म्हटलं की पुढचा प्रश्न वेटरच विचारतो, आजार आहे की आवड? हा प्रश्न विचारणारं हॉटेल चांगलं, असा माझा नियम आहे.

अर्जेंटिनाही असंच. पाकिटावर 'सिन ताक्क' शोधायचं, गहू, ओट्स, बार्ली आणि राय या चार धान्यांची स्पॅनिश आद्याक्षरं आहेत ती, 2009 पासून तिथेही कायदा आहे.

अर्धवट_झोप

गव्हाशिवाय, अगदी अगदी. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, साधी नाही, इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं अशी. त्यामुळे 'तिथल्या लोकांच्या मागे मागे जा' हे मी फार जपून वापरते. धर्माचं पथ्य पाळणाऱ्याच्या स्वयंपाकघरात एक चमचा इकडचा तिकडे गेला तर त्याला वाईट वाटेल, माझ्या मुलाचा घसा सुजेल. दोन्हीत फरक आहे. जिथे सॅटे सॉस किंवा शेंगदाण्याचा रस्सा रोजचा आहे तिथे कढई, पळी, तेल सगळ्याला हात लागलेला असतो, मग ते कितीही शाकाहारी असो.

आमची पद्धत लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

कार्ड छापून नेतो, त्या देशाच्या भाषेत, ती भाषा मातृभाषा असलेल्या माणसाकडून तपासून घेतलेलं. अ‍ॅपचं भाषांतर गप्पांना ठीक आहे, जिवावरच्या गोष्टीला नाही. कार्डावर अ‍ॅलर्जीचं नाव लिहून थांबत नाही, शेंगदाणे, शेंगदाण्याचं तेल, शेंगदाण्याचं बटर, कूट, सॉस, आणि हे तळलेल्या तेलात दुसरं काही तळलेलं, असं सगळं पदार्थवार लिहितो. आणि एक ओळ मोठ्या अक्षरात, हे खाल्लं तर हॉस्पिटलात न्यावं लागेल. कार्ड वेटरला दाखवून परत घ्यायचं नाही, आत स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं. म्हणून बऱ्याच प्रती.

गर्दीच्या वेळी जात नाही. उघडल्या उघडल्या जातो, तेव्हा शेफला बोलायला वेळ असतो आणि तेल-भांडीही ताजी असतात. बुफे पूर्ण बंद, कारण स्वयंपाकी कितीही काळजीवाला असला तरी रांगेतला माणूस एका भांड्याचा चमचा दुसऱ्यात घालतोच.

अ‍ॅड्रिनलीनची दोन इंजेक्शनं, कायम अंगाजवळच्या पिशवीत, डॉक्टरांच्या पत्रासकट. सामानात टाकायची नाहीत. पोचल्या पोचल्या आपत्कालीन नंबर फोनमध्ये, युरोपियन युनियनमध्ये 112, जपानमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सला 119, ऑस्ट्रेलियात तीन शून्य.

आणि समोरचा माणूस 'बहुतेक नाहीये त्यात' असं म्हणाला की आभार मानून उठायचं. वाईट वाटतं, उठायचंच.

वाटसरू

पटलं. वर सरसकट लिहायला नको होतं बहुधा, आवडीचं-श्रद्धेचं पथ्य आणि जिवावरचं पथ्य यांचे रस्ते वेगळे. तरी माझं म्हणणं सोडत नाही बरं का, रस्ता वेगळा पण युक्ती तीच, गव्हाशिवाय यांची इटली बघा.

दुधाच्या अ‍ॅलर्जीबद्दल एक सांगायचं राहिलं. लॅक्टोज न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी वेगळी, हॉटेलात या दोन्हीची सर्रास गल्लत होते. लॅक्टोज-फ्री दूध दिलं की झालं असं त्यांना वाटतं, आणि त्यात दुधाची प्रथिनं सगळी जिथल्या तिथे असतात! लॅक्टोजवाल्यांना जुनं मुरलेलं चीज बऱ्याचदा चालून जातं, गोळी घेऊन आइस्क्रीमही खाता येतं, माझ्या मैत्रिणीला त्यातलं काहीच चालत नाही.

अमेरिकेत ती पाकिटांवर ज्यूंच्या कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माच्या खाण्याच्या नियमांच्या, खुणा बघते. 'पारेव्ह' लिहिलेलं असेल तर त्यात दूधही नाही आणि मांसही नाही. खुणेशेजारी डी अक्षर असेल तर दूध आहे किंवा दुधाच्या यंत्रावर केलेलं आहे. अंडं आणि मासा मात्र पारेव्हमध्ये असू शकतो, हे मी माझ्यासाठी लक्षात ठेवते.

चष्मिष्ट

लेबलं वाचणं हा माझा छंद असल्याने (घरचे याला आजार म्हणतात) थोडी भर.

युरोपियन युनियनमध्ये 14 अ‍ॅलर्जन ठरलेले आहेत, डिसेंबर 2014 पासून ते पाकिटावरच्या यादीत ठळक किंवा वेगळ्या अक्षरात छापावेच लागतात आणि सुट्या, हॉटेलातल्या जेवणाबद्दलही ती माहिती द्यावी लागते, लेखी की तोंडी ते देशागणिक बदलतं. बऱ्याच मेनूकार्डांवर पदार्थाशेजारी बारीक आकडे-अक्षरं असतात, लोक त्यांना किमतीची तळटीप समजून सोडून देतात, ती याचीच असतात. यादीत मोहरी, सेलरी, तीळ, ल्युपिन नावाचं कडधान्यसुद्धा आहे. अमेरिकेच्या यादीत 9 आहेत, तीळ 2023 च्या जानेवारीपासून आले, आणि तो कायदा पाकिटांपुरता आहे, हॉटेलला लागू नाही. जपानमध्ये सोबाचा बकव्हीट यादीत आहे, आणि तिथेही हॉटेल मोकळंच. म्हणजे एका देशात लेबल वाचायची सवय झाली की दुसऱ्या देशात तीच सवय दगा देते, मोहरीची अ‍ॅलर्जी असलेल्याने युरोपातून अमेरिकेत गेल्यावर ठळक अक्षर शोधत बसू नये, तिथे मोहरी यादीतच नाही.

'अंश असू शकतो' ही ओळ युरोप-अमेरिका दोन्हीकडे ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे अंश नाही असं नाही.

ग्लूटेन-फ्रीचा अर्थही सगळीकडे सारखा नाही. युरोप-अमेरिकेत किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चाचणीत सापडताच कामा नये, आणि ओट्सही चालत नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी चीजची गंमत. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण, असतंच, तसा नियमच आहे त्या नावाचा, त्यामुळे 'शाकाहारी' पेस्तो, रिसोत्तो यात ते निघतं. ग्राना पादानोमध्ये तेही आणि वर अंड्यातून काढलेलं लायसोझाइम. अंड्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांनी चीजच्या पाकिटावर अंडं का लिहिलंय म्हणून हसू नये. शिवाय दह्यात आणि गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन, लाल रंगात ई120 म्हणजे किड्यांपासून काढलेला कार्मिन, वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे.

ट्रान्झिट_लाउंज

विमानाचं मी लिहितो, नोकरीच तशी आहे.

स्पेशल मीलला चार अक्षरी कोड असतात आणि 'व्हेज' असं बोलून काही होत नाही, कोड सांगा. व्हीजीएमएल म्हणजे दूध-अंडी काही नाही. व्हीएलएमएल मध्ये दूध-अंडी येणार. एव्हीएमएल मसालेदार आशियाई शाकाहारी. कांदा-लसूण नको असेल तर व्हीजेएमएल. जीएफएमएल ग्लूटेनशिवाय, डीबीएमएल मधुमेहाचं, एनएलएमएल लॅक्टोज कमी. पोटोबा, तुमचा व्हीजेएमएल.

निदान 24 तास आधी नोंदवायचं, काही कंपन्या आणि काही कोडना जास्त लागतात. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर ज्यांचं विमान त्यांच्याकडे खात्री करून घ्या, नोंद मधे गळते. विमान चुकलं, बदललं, तारीख पुढे ढकलली की मील आपोआप पुढे जाईल असं धरू नका. सीट बदलून बसलात तरी क्रूला सांगा, ताट सीट नंबरवर येतं.

ग्लूटेनशिवायच्या ताटाबरोबर सगळ्यांना वाटतात तोच ब्रेडचा गोळा ठेवलेला मी पाहिलाय, तेव्हा ताट बरोबर आलं म्हणजे त्यावरचं सगळं बरोबर असं नाही. आणि शेंगदाणामुक्त विमान कुठलीच कंपनी छातीठोकपणे सांगू शकत नाही, शेजारचा प्रवासी पिशवीतून काय काढेल ते तिच्या हातात नाही.

गोडघाशा

मधुमेहवाल्यांचा कुणी वालीच नाही का इथे?

आमचं दुखणं 'काय खायचं' यापेक्षा 'कधी' हे आहे. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, मधल्या वेळात बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद. इन्सुलिन घेऊन बसलो आणि वेटर म्हणाला साडेआठला उघडतो, तर मी करू काय? तिथे तापासवाल्या बारमध्ये बटाट्याचं ऑम्लेट, ऑलिव्ह, ग्रिल केलेल्या भाज्या मिळतात, त्यावर संध्याकाळ निघते. रमजानमध्ये काही देशांत दिवसा हॉटेलं बंद असतात, तारीख आधी बघून ठेवा. माझा नियम, इन्सुलिन टोचायचं ते ताट समोर आल्यावर, ऑर्डर दिल्यावर नाही. अर्थात हे तुमच्या डॉक्टरांना विचारून, सगळ्यांचं इन्सुलिन एकसारखं नसतं. टाइम झोन ओलांडताना डोस कसा सरकवायचा तेही निघण्याआधी लिहून घ्या.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात गोठलं तर गेलं. साखर खाली गेल्यावर लागणारा ज्यूस 100 मिलिलिटरपेक्षा जास्त असला तरी औषध म्हणून नेता येतो, सिक्युरिटीला आधी सांगायचं आणि पत्र दाखवायचं. मी तरी गोळ्याच नेतो, वाद कशाला.

आणि 'साखर नको' म्हटलेलं फक्त गोड पदार्थापुरतं ऐकलं जातं. टेरियाकी, बार्बेक्यू, स्वीट चिली ही सगळी पाकातली मंडळी. सॉस वेगळा वाटीत मागायचा, एवढं एक वाक्य पाठ केलं की निम्मं काम होतं.

अर्धवट_झोप

+1, सॉस वेगळा हे आमच्याकडेही चालतं. वेगळा मागितला की तो बाटलीतला आहे की इथे केलाय हेही कळतं, बाटलीतला असेल तर बाटलीच बघायला मागायची.

पोटोबा

जपानचं कुणीतरी नीट सांगा हो, पुढची तिकिटं काढलीत. भाज्या, टोफू सगळीकडे दिसतात पण म्हणे सगळ्यात मासा.

वाटसरू

म्हणे नाही, खरंच. दाशी नावाचा स्टॉक असतो, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा, तो मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीत, अगदी अंड्याच्या वडीतही. 'मासा नको' म्हणालात तर माशाचा तुकडा येणार नाही, दाशी येईल. म्हणून विचारताना नाव घेऊन विचारायचं, दाशी कशाची? कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमचीही दाशी असते, ती तुम्हाला चालेल.

पण तिथेही मागे जायला माणसं आहेतच! शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांचं जेवण. मांस-मासे नाही आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. कोयासान डोंगरावर मठांत मुक्काम करता येतो, रात्रीचं आणि सकाळचं जेवण तेच देतात. तिळाचा टोफू खाच. क्योटोतही मिळतं. आधी बुकिंग करून, आणि बुकिंग करतानाच दाशीचं विचारून घ्या, पर्यटकांसाठी चालवलेल्या हॉटेलांत कधी कधी ढील देतात.

गव्हाशिवाय

त्यात सोया सॉस असतो, माझ्यासाठी नाही. पोटोबा, तुम्ही माझ्या वाटणीचं खा.

नवखा_पाहुणा

वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न. सोबत काय नेता येतं? आणि खोलीवर शिजवायचं झालं तर किटलीत जमतं का?

चष्मिष्ट

नेण्याबद्दल: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. बाळाच्या दुधाची पावडर आणि वैद्यकीय पथ्याचं खास अन्न याला 2 किलोपर्यंत सूट आहे, पण कंपनीचं पॅकिंग हवं आणि फ्रिजशिवाय टिकणारं हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये फॉर्मवर सगळं खाणं जाहीर करायचं, अगदी बिस्किटाचा पुडासुद्धा. जाहीर केलेलं चालणार नसेल तर फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी 400 डॉलर दंड.

किटलीबद्दल: 230 व्होल्टची किटली अमेरिकेत 120 व्होल्टवर लावली तर ताकद जेमतेम चौथा हिस्सा उरते, जपानच्या 100 व्होल्टवर पाचवा. बंद पडत नाही, तुमचा धीर सुटतो. आणि हॉटेलच्या किटलीत पाण्याशिवाय काही घालू नका प्लीज, तुमच्यानंतर त्यात गव्हाशिवाय चहा करणार असतात.

गव्हाशिवाय

हाहा, खरंय. शिजवायचंच असेल तर किचन असलेली जागा घ्या, आणि गेल्या गेल्या आधी चाळणी, लाकडी पळी आणि टोस्टर बाजूला ठेवा, या तीन वस्तूंतून आधीच्या पाहुण्याचा गहू निघत नाही. टोस्टरसाठी कापडासारख्या पिशव्या मिळतात, त्यात ब्रेड घालून भाजता येतो. तव्याला बेकिंग पेपर. बाकी भांडी घासून चालतात.

आणि ज्या गावात उतरताय तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये पहिल्याच दिवशी एक चक्कर मारा, घाईत नाही, निवांत. कुठलं बिस्किट चालतं, कुठलं नाही हे एकदा बघून ठेवलं की पुढे भूक लागल्यावर काचेतून मेनू वाचत रस्ताभर फिरावं लागत नाही.

नवखा_पाहुणा

धन्यवाद सगळ्यांना. वाटसरू ताई, मेक्सिकोचं कुणी बोललं नाही, मका-बीन्स म्हणजे सोपं असेल ना?

वाटसरू

मक्याचं सोपं, बीन्सचं विचारायचं. घोटलेल्या बीन्समध्ये बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी असते, 'मान्तेका' घातलंय का विचारा. भातही कधी कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवतात. तळलेल्या टॉर्टियाचं तेल कशाकशाला वापरलंय तेही. पण नोपाल, म्हणजे निवडुंगाची भाजी, कणसावरच्या काळ्या बुरशीचं वित्लाकोचे, भोपळ्याची फुलं घातलेल्या केसाडिया… बाजारात जिथे डोळ्यांसमोर भाजून देतात तिथे बसा, समोरच सगळं दिसतं. केसाडियात चीज असतं, माझी मैत्रीण त्यातली फुलं नुसती टॉर्टियात घालून मागते आणि ती बाई दर वेळी तिला दोन जास्त देते.